कुलूपवाल्यांनो, चाळीस टक्के म्हणजे नेमकं काय?

प्रति,
स्मार्ट कुलपं बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या समस्त कंपन्या

सप्रेम नमस्कार.

मी बेळगावात हिंदवाडीत राहतो. उद्यमबागेतल्या एका कारखान्यात एकतीस वर्षं मेंटेनन्स बघितला, आता घरी आहे. म्हणजे मशिनने खोटं बोललेलं मला लगेच कळतं, असा माझा समज होता. तो समज तुमच्यापैकी एकाच्या कुलपाने गेल्या जुलैत मोडला. कोणाच्या ते लिहीत नाही. दुकानात जाऊन, शेजाऱ्यापाजाऱ्यांकडची कुलपं उघडून बघितली तेव्हा लक्षात आलं की दुखणं एकट्याचं नाही, घराण्याचं आहे. म्हणून पत्र सगळ्यांनाच.

कुलूप आमच्या मुलाने बसवलं. तो पुण्यात असतो. मागच्या गणपतीला आला, तेव्हा आईबाबा किल्ली विसरतात, आजी एकटी असते, वगैरे कारणं सांगून जुनं लिव्हरचं कुलूप काढलं आणि हे लावलं. आकडे दाबायचे की दार उघडतं, ओढून घेतलं की आपोआप लागतं. चार पेन्सिल सेलवर चालतं. डब्यावर लिहिलं होतं: एक वर्ष. खाली मुंगीच्या अक्षरात: रोज दहा वेळा उघडझाक धरून. ॲप मुलाच्या फोनवर. माझ्या फोनवरही घालून देणार होता, पण विसर्जनाची गडबड, मग त्याची गाडी, ते राहूनच गेलं.

जुलैत खानापूरला एका बारशाला गेलो होतो, मी आणि मंडळी. आई घरी. वय चौऱ्याऐंशी, कानाचं यंत्र काढलं की ढगांचा गडगडाटही तिला ऐकू येत नाही. खानापूरकडचा जुलै काय असतो ते ज्याने कणकुंबी-जांबोटीचा पाऊस बघितलाय त्यालाच कळेल. बेळगावपर्यंत येताना तो थोडा नरमतो, इतकंच. एसटीने आलो, रिक्षा केली, भिजत तिसऱ्या मजल्यावर चढलो. रात्रीचे पावणेदहा. लाइट गेलेली. कुलपाच्या पाटीवर बोट ठेवलं तर पाटी उजळेना. पुन्हा ठेवलं. काही नाही. लाइट नाही म्हणून दारावरची बेल मेलेली. आईचा फोन बैठकीत चार्जिंगला, आई आतल्या खोलीत, यंत्र डबीत.

मुलाला फोन लावला. तो म्हणाला, "अहो बाबा, चाळीस टक्के दाखवतंय की!"

मी तिथे अंधारात उभा राहून त्या चाळीस टक्क्यांचा विचार केला. साठ टक्के गेले म्हणजे माणूस थकलेला असेल, मेलेला नसेल, असंच ना? पण दारावरचं कुलूप पूर्ण मेलेलं आणि पुण्यातल्या फोनवर ते चाळीस टक्के जिवंत.

तुम्ही विचाराल, कुलपाबरोबर खरी किल्लीही दिली होती ना? दिली होती. दोन दिल्या होत्या. दोन्ही वॉरंटीच्या कागदाबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत, लोखंडी कपाटात, घराच्या आत. हा दोष माझा, तुमच्या खात्यावर मांडत नाही. घराची एक किल्ली नेहमी घराबाहेर असावी हे माझ्या वडिलांनाही माहीत होतं, त्यांची तुळशीवृंदावनाच्या कोनाड्यात असायची.

वाचलो ते स्कूटरच्या डिकीमुळे. डिकीत माझा जुना मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट-अँपिअर मोजायचं यंत्र, असतो, सवय सुटत नाही. मल्टिमीटरच्या पोटात ती चौकोनी नऊ व्होल्टची बॅटरी. (ही मूळची ट्रान्झिस्टर रेडिओची, १९५०च्या दशकातली. आता बेळगावात रात्री दहाला मागितली तर खडेबाजारातला दुकानदारही तुमच्याकडे वरपासून खालपर्यंत बघेल.) तुमच्या कुलपाच्या खालच्या अंगाला दोन टिकल्या आहेत, बॅटरी तिथे टेकवली की तात्पुरता जीव येतो, हे मला मुलगा कुलूप बसवत असताना दिसलं होतं म्हणून आठवलं. वॉचमनने खालून टॉर्च धरला. तो हुक्केरीकडचा, कन्नड बोलतो. मघापासून म्हणत होता, "कीली हाळागैती, साहेब." आमची किल्ली म्हणजे उघडायची वस्तू, त्यांच्या कन्नडात कीली म्हणजे खुद्द कुलूप. कुलूप बिघडलंय म्हणत होता बिचारा, आणि मंडळी त्याला सांगत होत्या की किल्ली बिघडली नाही, आत राहिलीय.

बॅटरी टेकवली. पाटी उजळली. आकडे दाबले. मोटर घुर्र करून थांबली. दुसऱ्यांदा तेच. मल्टिमीटरची बॅटरीही काही ताजी नव्हती. तिसऱ्या वेळी मंडळींनी मला बाजूला केलं, दाराची मूठ धरून दार जोरात स्वतःकडे ओढलं आणि म्हणाल्या, "आता दाबा." कुलपाची जीभ सर्रकन आत गेली. दार उघडलं. आई उठली होती, पाणी पीत होती. "कवा आलास रे?" म्हणाली.

इथपर्यंतची गोष्ट करमणुकीची. पत्र लिहायचं कारण दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू होतं.

मंडळींना विचारलं, दार ओढायचं कुणी सांगितलं? त्या म्हणाल्या, "जूनपासून ओढूनच घ्यावं लागतंय की. पाऊस लागला की दार फुगतं, ते काय मला ठाऊक नाही?" आमचं दार सागवानी, जुनं. लाकूड दमट हवेत रेषेच्या आडव्या अंगाने फुगतं, उभ्या अंगाने जवळजवळ नाहीच. म्हणून दार रुंदीला वाढतं, चौकटीला घासतं, जीभ चौकटीच्या पट्टीतल्या भोकात सरळ न जाता कडेला दाबून बसते. जुन्या कुलपात हे हाताला लगेच कळायचं, किल्ली जड लागायची. आता तो जडपणा मोटरच्या वाट्याला. मोटर जास्त ताकद लावते, जास्त वेळ फिरते, प्रत्येक वेळी सेलमधून जास्त ओढते. दार घासतंय हे आमच्या मंडळींना जूनपासून माहीत होतं, मोटरला जूनपासून माहीत होतं. फक्त ॲपला माहीत नव्हतं.

मग मी मेलेले सेल काढून टेबलावर मांडले आणि मोजले. तीन अल्कलाइनचे, प्रत्येकी १.२८ व्होल्टच्या आसपास. चौथा १.१. बेरीज पाच व्होल्टला जेमतेम कमी. नवे चार अल्कलाइन नुसते ठेवून मोजले तर सहा व्होल्टच्या वर असतात. त्या हिशेबाने पाच व्होल्ट म्हणजे मध्यावर कुठेतरी. तुमच्या ॲपचे चाळीस टक्के इथून आले. हिशेब चुकलेला नाही. मोजायची वेळ चुकली.

तेच चार सेल पुन्हा घातले, वायरी लावून, दार उघडं ठेवून मोटर फिरवली आणि मीटरचं किमान धरून ठेवायचं बटण दाबलं. मोटरने ओढताच तो पाच व्होल्टचा आकडा साडेतीनच्या खाली कोसळला. सेलच्या आत स्वतःचा रोध, म्हणजे विजेला अडथळा, असतो. सेल जुना होतो तसा तो वाढतो. निवांत पडलेल्या सेलमधून कुलूप इतका कमी प्रवाह घेतं की तो रोध दिसतच नाही. म्हाताऱ्या बैलाला गोठ्यात बांधून बघितलं तर तोही धडधाकटच दिसतो, औताला जुंपल्यावर कळतं. तुम्ही बैल गोठ्यात मोजताय.

आता माझी कबुली. तो चौथा सेल अल्कलाइनचा नव्हताच. मार्चमध्ये भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं, दुकानं बंद होती, मी कुलपातला एक सेल काढून घड्याळाला घातला आणि दोन दिवसांनी घड्याळासाठी आणलेला स्वस्तातला झिंक-कार्बनचा सेल कुलपात ढकलला. उद्यमबागेत माझ्या हाताखालच्या पोराने असं केलं असतं तर मी त्याला दिवसभर शॉप झाडायला लावलं असतं. झिंक-कार्बनचा सेल घड्याळात वर्षभर चालतो कारण घड्याळाला थेंब थेंब लागतं. मोटरच्या एका हिसक्याला तो मान टाकतो. आणि चार सेल एकामागे एक जोडलेले, म्हणजे सगळ्यात दुबळा तोच चौघांना खाली खेचतो. तो रिकामा झाला तरी इतर तीन त्याच्यातून प्रवाह ढकलतच राहतात, मग तो पाझरतो. घड्याळ मात्र मजेत चालू आहे.

तर चूक माझी होती. पण मोटर फिरत असताना तुमच्या कुलपाने व्होल्टेज मोजलं असतं तर माझी चूक मार्चमध्येच पकडली गेली असती. मोजायला वेगळं काही लागत नाही. व्होल्टेज वाचायची सोय कुलपात आधीच आहे, मोटर कधी फिरते ते कुलपालाच माहीत असतं. दोन गोष्टी एकाच क्षणी करायच्या, बस.

तुमच्या क्षेत्रातले नियम थोडे वाचले, मुलाच्या मदतीने. झिग्बीवर (ही घरातल्या उपकरणांनी बिनतारी बोलायची एक पद्धत) बोलणाऱ्या उपकरणांसाठी बॅटरीच्या दोन वेगळ्या नोंदी ठरवून दिलेल्या आहेत: एक व्होल्टेजची, ०.१ व्होल्टच्या पायरीने. दुसरी उरलेल्या टक्केवारीची, अर्ध्या टक्क्याच्या पायरीने, म्हणजे २०० हा आकडा आला की पूर्ण शंभर टक्के. ब्लूटूथच्या ठरलेल्या बॅटरी सेवेतली मुख्य नोंद म्हणजे शून्य ते शंभर असा आकडा. व्होल्टेजला जागा असताना आमच्या ॲपमध्ये फक्त टक्के दिसतात. अर्ध्या टक्क्यापर्यंत बारीक पट्टी आहे, पण ती कशावर लावली ते कुणी बघत नाही. व्हर्नियरने, म्हणजे कारखान्यातल्या बारीक मोजपट्टीने, चिखल मोजल्यासारखं आहे हे. मोजमाप दशांशात, आणि बोट लावलं की बोट आत.

आणि ती पट्टीही एकाच जातीच्या सेलसाठी आखलेली. अल्कलाइन सेल हळूहळू उतरणीला लागतो, पायऱ्यापायऱ्यांच्या घाटासारखा, त्यामुळे व्होल्टवरून अंदाज बरा बांधता येतो. चार्ज करता येणारे निकेलचे सेल मात्र जवळजवळ सुरुवातीपासून १.२ व्होल्टच्या आसपास. चारांचे ४.८. तुमचं कुलूप ते घातल्या घातल्या 'बॅटरी कमी' म्हणून बोंब मारतं, माणूस बोंब ऐकून ऐकून कानाआड करतो, आणि खरोखर संपतात तेव्हा एकदम कड्यावरून पडतात. लिथियमचे नवे, यूएसबीवर चार्ज होणारे दीड व्होल्टचे सेल त्याहून फसवे. त्यांच्या आत सर्किटच असं बसवलेलं की शेवटपर्यंत दीड व्होल्टच द्यायचे. म्हणजे ॲपवर शंभर, शंभर, शंभर, आणि मग दाराबाहेर उभे. शेजारच्या बिल्डिंगमधल्या एका डॉक्टरीणबाईंच्या कुलपात हेच घातलेत. मी सांगून आलो. त्या म्हणाल्या, "पण शंभर टक्के आहे हो." ॲपमध्ये एक प्रश्न विचारा: सेल कोणत्या जातीचे घातलेत? तीन पर्याय द्या. टक्के त्या जातीच्या उतारावरून काढा. लिथियमवाल्याला टक्के दाखवूच नका, त्याला दार किती वेळा उघडलं ते दाखवा.

उघडण्याचा आकडा तसाही सगळ्यांना दाखवायला हवा, कारण डब्यावरचे 'रोज दहा वेळा' कुणाच्या घरचे ते मला शोधून सापडले नाहीत. एका शनिवारी मी दाराशेजारी कागद चिकटवून रेघा ओढल्या. दूध. पेपर. भांड्याच्या मावशी येताना, जाताना, कचरा टाकायला. भाजीवाली खालून ओरडते, मंडळी उतरतात, सुटे पैसे विसरतात, वर येतात. आई देवळात. आई देवळातून. शेजारीण कुंदा, म्हणजे आमची बेळगावची मिठाई, घेऊन. मी वाटी परत करायला. संध्याकाळी पाहुणे. रात्री कुत्र्याला भाकरी. सदतीस. दार आपोआप लागत असल्याने प्रत्येक उघडण्याला एक लागणं, म्हणजे मोटर चौऱ्याहत्तर वेळा फिरली. बेळगावातलं दार आहे हो ते, बँकेची तिजोरी नव्हे. असल्या घरात एक वर्षाचे सेल कधी संपायचे ते तुम्हीच भागाकार करून बघा, आणि वर पावसाळ्याचा भार धरा.

आणखी एक छोटी गोष्ट. मुलाच्या फोनवरचे चाळीस टक्के त्या रात्रीचे नव्हतेच. सेल वाचवायला कुलूप बहुतेक वेळ झोपलेलं असतं आणि मधूनमधूनच बातमी पाठवतं, हे मला मान्य आहे, शहाणपणाचंच आहे. पण आमच्याकडे दोन दिवस लाइट ये-जा करत होती, राउटर बंद-चालू होत होता, बातमी गेलीच नव्हती. ॲपने परवाचा आकडा आजचा म्हणून दाखवला. आकड्याशेजारी 'परवा दुपारी ४ ची नोंद' एवढं लिहिलं असतं तर मुलाने तेव्हाच फोन केला असता. कालच्या पेपरवरसुद्धा तारीख असते.

आता मुख्य तक्रार. बाकी सगळं सुधारून दिलंत आणि ही एक तशीच ठेवलीत तर माझ्या लेखी काही सुधारलं नाही.

ॲपवर टक्के काहीही असोत, ते कुलूप तीन आठवडे सांगत होतं. दार उघडलं की तीनदा टुक टुक टुक वाजायचं आणि एक तांबडा ठिपका लुकलुकायचा. मला वाटलं, मंडळींनी काहीतरी सेटिंग केलं. मंडळींना वाटलं, मी केलं. आईला वाटलं, ते तिला ओळखायला लागलं. देवळातून आली की म्हणायची, "बघ, मला बघून टुकटुक करूलालंय." तिच्या कानाला टुकटुक ऐकू येत नाही, तांबडा ठिपका दिसायचा, आवाज तिने मनाने घातला. तिला ते पाखरासारखं वाटत होतं. आणि ते बिचारं मरणाच्या दारात मदत मागत होतं.

एकदा ते बोललंही. इंग्रजीत. मंडळींनी ऐकलं, कामवाल्या मावशींनी ऐकलं. मावशींना मराठी आणि कन्नड दोन्ही येतं, हिंदीही सिनेमापुरतं येतं, इंग्रजी नाही. आमच्या गावात पाटी कुठल्या भाषेत असावी यावरून इतकी वर्षं माणसं रस्त्यावर उतरलीत, कोर्टात गेलीत. आणि घराच्या दाराचं कुलूप दोन्ही भाषांना सोडून तिसऱ्याच भाषेत बोलून मोकळं. यावर दोन्हीकडच्यांनी मिळून एक मोर्चा काढायला हरकत नाही, असं मी वॉचमनला म्हटलं. तो म्हणाला, आधी माझी ड्यूटी बदलू दे.

आणि फोनवरची सूचना कुणाला गेली? मालकाला. तुमच्या ॲपच्या भाषेत मालक म्हणजे ज्याने खातं उघडलं तो, म्हणजे मुलगा, साडेतीनशे किलोमीटरवर, मीटिंगमध्ये. बेळगाव, निपाणी, चिकोडी, खानापूर, या पट्ट्यात घरोघरी हीच मांडणी आहे: पोरं पुण्यात, कोल्हापुरात, बेंगळुरूत, म्हातारी इथे. कुलूप पोरं घेतात, दार म्हातारी वापरतात. सूचना घेणाऱ्याकडे सेल नाहीत आणि सेल बदलू शकणाऱ्याकडे सूचना नाही. मुलाला ती सूचना आली होती, असं नंतर कळलं. इतर दहा सूचनांच्या ढिगात. तो दोष त्याला देणार नाही, त्याच्या फोनवर दिवसभरात काय काय येतं ते मी बघितलंय.

तेव्हा सूचना दाराला द्या. दारात उभ्या असलेल्या माणसाला, त्याच्या भाषेत, कळेल अशी. टुक टुक नको. तांबड्या ठिपक्याच्या जागी आकड्यांची सगळी पाटीच तांबडी उजळवा, बहिऱ्यालाही कळेल. आतल्या बाजूने एक पट्टी द्या, जिथे दुकानात मिळणाऱ्या सेलचं नाव आणि 'चारही एकदम बदला, जुना-नवा मिसळू नका' असं छापलेलं असेल. माझ्यासारख्या शहाण्यांना मार्चमध्ये ते वाचायला मिळालं असतं. खालच्या टिकल्यांशेजारी नऊ व्होल्टच्या बॅटरीचं चित्र कोरा. ज्यांच्या कुलपाला खाली यूएसबीचं भोक आहे आणि पॉवरबँकवर चालतं, ते तुलनेने बरे, पॉवरबँक आता पोरासोरांच्या खिशात असते. तरी तिथेही चित्र हवंच. अंधारात, पावसात, म्हाताऱ्या माणसाला पुस्तिका वाचायला लावू नका. पुस्तिका कुठे असते ते वर सांगितलंय.

आणि दार घासतंय हेही सांगा. हे मी खास सांगतोय, कारण हे कुणाच्या डोक्यात आलेलं दिसत नाही. जीभ आत जायला मोटरला किती वेळ लागला, तेवढं मोजलं तरी पुरे. सुरुवातीला जितका वेळ लागत होता त्याच्या आता दीडपट लागतो, याचा अर्थ सेल तरी उतरलेत नाहीतर दार फुगलंय. नवे सेल घातल्यावरही वेळ कमी झाला नाही, तर दारच. मग 'सेल बदला' म्हणू नका, 'सुताराला बोलवा' म्हणा. कारखान्यात बेअरिंग जायच्या आधी मोटरचे अँपिअर वाढतात, तोच हा प्रकार. मी स्वतः मोजून बघितलं: सुतार आला, पट्टीचं भोक कानशीने रुंद केलं, दाराच्या कडेला दोन हात रंधा मारला, वरची बिजागरी आवळली, आणि त्याच सेलवर मोटर फिरताना व्होल्टेज पूर्वीइतकं पडेना. सुताराची मजुरी एका वर्षाच्या सेलच्या खर्चाहून फार नव्हती. तुम्ही सेल विकत नाही, कुलपं विकता, मग हे सांगायला तुमचं काय जातं?

जाता जाता वापरलेल्या सेलचंही बघा. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ प्रमाणे संपलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी त्या बाजारात आणणाऱ्यांवर टाकलेली आहे. सेलवर तो काट मारलेला कचऱ्याचा डबा छापलेला असतो, म्हणजे यात टाकू नका. मग कशात टाकू? माझ्याकडे श्रीखंडाच्या डब्यात साठलेत.

ऑगस्टपासून मी एक वही ठेवलीय. दर रविवारी पेपर वाचून झाल्यावर दोन आकडे लिहितो: निवांत किती, मोटर फिरताना किती. तिसऱ्या रकान्यात पाऊस होता की ऊन. मंडळी म्हणतात, रिटायर होऊनही लॉगशीट सुटली नाही. निवांत आणि फिरताना यांतलं अंतर वाढत चाललं की सेल बदलायचे, टक्के कितीही दाखवू देत, असा आमच्या घरचा नियम झालाय. आणि एक किल्ली आता वॉचमनच्या खोलीतल्या खिळ्याला आहे, पाकिटात बंद करून.

वहीचे फोटो हवे असतील तर पाठवीन. मोबदला नको. बोलायची वाक्यंही आम्ही तयार करून देतो, तुमच्या इंजिनियरांना बेळगावला यायची गरज नाही. कन्नडचं वॉचमनने म्हणून दाखवलंय, "सेल मुगियाक बंदाव, बदल माड्री." मराठीचं मी कागदावर लिहून दिलं होतं, 'कृपया बॅटरी बदला.' आईने कागद बघितला, चष्मा काढला, म्हणाली असं कोण बोलतं, आणि मुलाच्या फोनमध्ये तिने तिच्या मनचंच भरून दिलं:

"सेल संपूलालेत रे, बदला की."

आपला,
एक गिऱ्हाईक
हिंदवाडी, बेळगाव